घरट्याच्या दारातला कॅमेरा

पहिल्या सरींबरोबर तिबोटी खंड्या कोकणात येतो आणि त्याच्या मागोमाग कॅमेरेही येतात. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीहूनही लहान पक्षी. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळंजर्द, चोच आणि पाय लालभडक. असे रंग कुठेही उठून दिसावेत. पण दाट झाडीतल्या ओढ्यावर, भर दुपारीही दाटलेल्या पावसाळी अंधारात, तो दहा पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही. उडाला की कळतं, तोवर तो गेलेला असतो.

अशा पक्ष्याचा स्वच्छ फोटो हमखास मिळण्याची जागा एकच, त्याचं घरटं. ओढ्याच्या काठात किंवा रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत नर-मादी मातीत बोगदा खणतात. पिल्लं झाली की दोघांनाही दिवसभर त्या तोंडाशी यावंच लागतं. तोंडासमोर शेवाळलेली फांदी रोवायची, आड येणारी झुडपं छाटायची, लपण उभारायचं आणि ट्रायपॉड लावून बसायचं. पक्षी येतो, रोवलेल्या फांदीवर टेकतो. पावसाळा संपेपर्यंत तोच फोटो शेकडोंच्या नावावर जमा होतो.

हा फोटो वाचता येतो. पुढच्या वेळी दिवाळी अंकात किंवा कॅलेंडरवर चोचीत सापसुरळी धरलेला तिबोटी दिसला, तर सापसुरळीचं डोकं कुठे आहे ते पाहा. खंड्या स्वतः खाताना भक्ष्याचं डोकं आपल्या घशाकडे वळवतो. पिल्लासाठी नेताना मात्र ते चोचीच्या टोकाकडे असतं, म्हणजे पिल्लाला डोक्याकडून गिळता येतं. डोकं बाहेर असेल, तर तो घास पिल्लाचा आहे. घरटं बहुधा फ्रेमच्या जरा बाहेर आहे. माणसं दिसताहेत म्हणून पक्षी आत न जाता चोचीत घास धरून ताटकळत असेल, तर त्या वेळातल्या छायाचित्राला आपण ‘सुंदर पोझ’ म्हणतो.

घरट्यावरचं छायाचित्रण एके काळी पुण्याचं काम होतं, हे मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला, तेव्हा पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो बंदुकीने पाडायचा आणि अंडी पेटीत भरायची, अशी रीत होती. शिवाय त्या काळचा कॅमेरा अवजड, काचेच्या प्लेटा मंद. पक्षी ठरलेल्या जागी येऊन थांबेल, तिथेच फोटो शक्य होता. म्हणजे घरटं ही तंत्राची अडचण होती. आज सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि चढत्या आयएसओवरही तग धरणारा सेन्सर हातात असताना ती अडचण उरलेली नाही. उरली आहे ती सवय, आणि दुसऱ्याला मिळालेली फ्रेम आपल्यालाही हवी ही ओढ.

‘आम्ही लांबून काढतो,’ असं सांगितलं जातं. एकटा जाणकार माणूस लांब बसला, तर कदाचित काही बिघडणारही नाही. पण घरट्याचा पत्ता एकापाशी राहत नाही. शनिवार-रविवारी गाड्या येतात, आणि छाटलेल्या झुडपांमुळे जे बोगद्याचं तोंड आपल्याला दिसतं, ते घोरपडीला आणि सापालाही दिसतं. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत घातलं आहे. आपण शिकारी नाही, असं मनापासून मानणाऱ्यांनी ही व्याख्या एकदा वाचावी.

गावातल्या वाटाड्यांच्या रोजगाराचा मुद्दा मला खरा वाटतो. पावसाळ्यात चार पैसे मिळतात, ते बुडू नयेत. मात्र तिबोटी विणीच्या आधी, जूनच्या सुरुवातीला, जोडीने ओढ्यावर फिरत असतो. तो कुठल्या वळणावर खेकडा टिपतो, हे वाटाड्याला ठाऊक असतं. पैसे या माहितीचे द्यावेत. फोटो मिळायला वेळ लागेल, कधी मिळणारही नाही. मिळाला तर त्यात फांद्या आड येतील, रंग सावलीत बुडालेले असतील. तो पक्षी तसाच राहतो.

काही स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो घेणं बंद केलं आहे. आपल्या अंकांच्या, कॅलेंडरांच्या संपादकांनी अजून का केलं नाही? चोचीत घास धरलेला, डोकं बाहेर असलेला फोटो आला की तो कुठे, कधी, घरट्यापासून किती अंतरावर काढला, एवढं विचारावं. उत्तर आलं नाही, तर तो फोटो परत पाठवावा.