गैरहजेरीची नोंद कोठे असते?

हजेरीबुक ज्यांनी वर्षानुवर्षे हाताळले, त्यांना त्याची एक खोड ठाऊक असते. उपस्थिताची तेथे सही असते; अनुपस्थिताची केवळ मोकळी चौकट. मध्य प्रदेशातील आमच्या कार्यालयांत साडेदहा वाजून गेले की बडे बाबू लाल शाईने त्या चौकटीत फुली मारीत. रिकामी खुर्ची पाहून आणि शेजारच्या टेबलावर चौकशी करूनच ही फुली पडे. ती चुकली तर भांडावयास समोर एक माणूस असे. (तीन दिवसांच्या सह्या एकाच शाईने, एकाच बैठकीत करणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत, जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही.)

पुढे यंत्र आले. ते आलेल्याचा क्रमांक, तारीख व वेळ तेवढी टिपते. न आलेल्याची ओळच तेथे निर्माण होत नाही. मग अमुक कर्मचारी कोणत्या तारखांना गैरहजर होता, हे संगणकाकडून काढावयाचे कसे? साठविलेल्या नोंदी कितीही चाळल्या तरी जे तेथे नाही ते हाती लागणार नाही. क्रिस्टल रिपोर्ट्ससारख्या अहवालप्रणालीत एक सोपी वाट असते. एका नोंदीची तारीख मागच्या नोंदीच्या तारखेशी ताडून पाहावयाची. पाचनंतर थेट नऊ तारीख आली, की मधले तीन दिवस खाडे. परंतु या वाटेने महिन्याच्या आरंभीचे आणि अखेरचे खाडे निसटतात, आणि जो महिनाभर फिरकलाच नाही त्याचे नावही अहवालात येत नाही. खरी वाट लांबची आहे. आधी रविवार व सुट्या वगळून कामाच्या दिवसांची पूर्ण यादी हवी. तिच्यातील प्रत्येक दिवसाची प्रत्येक कर्मचाऱ्याशी जोडी लावावयाची, त्या जोड्यांसमोर हजेरीच्या ओळी मांडावयाच्या, आणि जिच्यासमोर ओळ नाही ती जोडी उचलावयाची. त्यातून मंजूर रजा व दौरे वजा केले म्हणजे जे उरते, ती गैरहजेरी.

आपल्या दार्शनिकांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. जमिनीवर घट नाही, हे कशाने कळते? नैयायिक म्हणाले, प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि अद्वैत्यांनी त्यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. ज्याचा अभाव सांगावयाचा, तो प्रतियोगी आधी ज्ञात असावा लागतो. संगणकास द्यावयाची दिवसांची यादी ती हीच. पण याहून मोलाची आहे ती त्यांनी घातलेली अट. अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तेथे घट नाही असे म्हणता येत नाही.

आमच्या मते सारा नैतिक प्रश्न या अटीत आहे. वीज गेली होती काय, कष्टाने झिजलेले बोट यंत्राने नाकारले काय, माणूस सरकारी कामानेच अन्यत्र होता काय, हे न पाहता रिकाम्या ओळीवरून खाडा मांडणे म्हणजे अंधारात घट नसल्याचा निर्वाळा देणे होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात स्पष्ट केले की, अनधिकृत गैरहजेरी प्रत्येक वेळी हेतुपुरस्सर असतेच असे नाही. हेतू सिद्ध करावा लागतो. त्या प्रकरणातील कर्मचाऱ्याचे म्हणणेच असे होते, की आपणास हजेरीपुस्तकावर सही करू दिली गेली नाही. ग्रामीण रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवरून, छायाचित्रासह, दिवसातून दोनदा घेणे सक्तीचे झाले. जेथे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही, तेथे दिवसभर खोदलेली माती समोर असूनही ओळ कोरी राहू शकते. खाडा सिद्ध करण्याचा भार तो मांडणाऱ्यावर असावा. आपण आलो होतो हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर टाकणे आम्हास न्याय्य वाटत नाही.

हे शहाणपण आम्हास सेवेत असताना सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. संगणकाने काढलेली गैरहजेरीची पहिली यादी टेबलावर आली, तेव्हा तिच्या नेटकेपणावर आम्ही खूश झालो आणि खाली सही केली. तीत एका वाहनचालकाचे चार दिवस होते. काही दिवसांनी तो केबिनमध्ये आला, काही न बोलता एक कागद टेबलावर ठेवून उभा राहिला. त्याच चार दिवसांसाठी त्यास पूरनियंत्रणाच्या कामी दुसऱ्या तहसिलीत पाठविण्याचा आदेश होता तो. खाली सही आमचीच. जो कारकून त्या महिन्यात एकदाही आला नव्हता, त्याचे नाव मात्र यादीत नव्हते. चालकाचे कापलेले वेतन पुढच्या महिन्यात परत मिळाले. मधल्या महिन्यात त्याने वाण्याचे बिल कसे भागविले, हे आम्ही विचारले नाही.