पितळेवर तांब्याचे ठिगळ

जुनी वस्तू हाती आली की माणूस पहिल्याने ती पुसतो. या पुसण्यात विचार करण्यासारखे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. दिवाळी तोंडावर आली की घरोघरी समया, तबके, तांबे चिंचेने उजळून निघतात. त्या घासण्यात काही पाप आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गेल्या वर्षी दसरा झाल्यावर माळ्यावरून उतरवलेली एक पितळी वस्तू पुढ्यात घेऊन मी बसले, चिंचेचा कोळ बोटावर घेतला, आणि बोट तसेच हवेत राहिले.

ती वस्तू म्हणजे खेळण्यातले वाफेचे इंजिन. रुळांवरून धावणारे नव्हे. पत्र्याच्या पाटावर जागच्या जागी उभे राहून एक तांबडे चाक गरगर फिरवणारे. १९६३ सालच्या दिवाळीत मामाने ते दादासाठी आणले. मामा बोटीवर इंजिनिअर होता आणि त्याची बोट विलायतेला जाऊन येत असे. इंजिन बर्मिंगहॅमच्या ‘मॅमॉड’ या कारखान्याचे. जेफ्री मॅलिन्स नावाच्या गृहस्थाने तो १९३७ साली काढला आणि ‘मॅलिन्स’ व ‘मॉडेल्स’ या दोन शब्दांचे तुकडे जोडून त्याचे नाव ठेवले. अशी खेळणी त्याच्याही आधी जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये हजारोंनी होत असत. युरोपातल्या सुखवस्तू घरांतून मुलाला नाताळात इंजिन द्यावे आणि त्याने मोठेपणी यंत्रांचे जग चालवावे, असा त्या देण्यामागचा हिशेब असे. ‘मुलाला’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. आमच्या घरीही तोच हिशेब होता. दादा तेरा वर्षांचा, मी नऊ वर्षांची. आणि इंजिनाला मुलीने हात लावायचा नाही, असा नियम खोके उघडण्यापूर्वीच झाला होता.

त्याची रचना इतकी साधी होती की दुरून पाहूनही मला ती पाठ झाली. पितळेचा नळकांड्यासारखा बॉयलर, त्याखाली स्पिरिटचा दिवा. पाण्याची वाफ झाली की ती बारीक नळीतून सिलिंडरात जाई. या सिलिंडराला वेगळी झडप नसते. तो स्वतःच पाळण्यासारखा डोलतो, आणि डोलता डोलता त्याचे भोक एकदा वाफ येण्याच्या वाटेसमोर येते, एकदा जाण्याच्या. पुढे तीस वर्षे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, पण एका भोकाच्या जागेवर एवढे मोठे काम सोपवणारी दुसरी युक्ती मला सापडली नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी आई जरा पडली होती आणि दादा मैदानावर गेला होता. स्टोव्हच्या काकड्यासाठी ठेवलेल्या बाटलीतले स्पिरिट मी दिव्यात ओतले, काडी ओढली, आणि चाक फिरू लागले. त्या दोन मिनिटांचा आनंद मी येथे वर्णन करीत नाही. तो ज्याचा त्याने ओळखावा. एवढ्यात आजीने वाती वळायला हाक मारली. ‘आले’ म्हणून मी गेले, आणि आजीपुढे बसल्यावर उठता येईना. परत आले तेव्हा खोलीत जळका वास भरला होता. बॉयलरमधले पाणी केव्हाच संपले होते. दिवा विझवून घाईघाईने मी इंजिन फडक्यात धरून उचलले, हाताला चटका बसला, आणि ते फरशीवर आपटले. मी ते पूर्वीच्या जागी ठेवले आणि पुन्हा वाती वळायला जाऊन बसले.

संध्याकाळी बाबांनी दादाला विचारले, “सकाळी दिवा नीट विझवला होतास का?” दादा पुष्कळ वेळ विचार करून म्हणाला, “आठवत नाही.” ऐन सणात त्याच्या दोन थोबाडीत बसल्या. मी दारातून पाहत होते.

पाडवा उलटल्यावर बाबा ते इंजिन कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेले. बॉयलरचे झाकण जिथे बसवलेले असते तिथला डाख वितळून वाहिला होता, आणि आपटल्याने कडेला भेग गेली होती. तांबटाने असले खेळणे पूर्वी पाहिले नसावे. त्याने आपल्या रीतीने भेगेवर चंद्रकोरीएवढे तांब्याचे ठिगळ बसवले. काम मजबूत होते, पण वाफेच्या जातीचे नव्हते. पाणी भरून तापवले की ठिगळाच्या कडेने थेंब येत, चाक अर्धे वळण घेई आणि थांबे. चार-सहा वेळा प्रयत्न झाले. मग इंजिन माळ्यावर गेले.

आता साठाहून अधिक वर्षांनी ते दुरुस्त करायला मी बसले होते. असल्या इंजिनांचे सुटे भाग आजही इंग्लंडहून मागवता येतात. वाळून दगड झालेले वायसर बदलले, सिलिंडरामागची गंजलेली स्प्रिंग बदलली, वाफ जास्त झाली की सोडून देणारी झडप नवी घातली. त्या झडपेच्या बाबतीत भावनेला जागा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या झडपेवर प्रेम असेल तर ती डबीत ठेवावी, बॉयलरवर नव्हे. चाकाच्या तांबड्या रंगाचे पोपडे निघाले होते, ते मात्र तसेच ठेवले. जुन्या खेळण्यांचे दर्दी मूळ रंगाला फार जपतात. मी त्यांच्यातली नाही, तरी ब्रश हातात घेऊन बसले असता मला वाटले की त्या पोपड्यांखाली दादाच्या बोटांचे काही असेल.

राहिला बॉयलर. ठिगळ ठेवले तर इंजिन चालणार नाही. इंजिन चालवायचे तर ठिगळ जाणार. नवा बॉयलर मागवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. पैसे भरायचे आणि वाट पाहायची. मी पैसे भरायला तयार झाले आणि अडले.

वस्तूचे भाग बदलत गेले तर ती तीच राहते का, हा प्रश्न जुना आहे. थीसियसचे जहाज अथेन्सकरांनी जपले, कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले, आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्याला आणखी पीळ दिला: काढलेल्या सगळ्या फळ्या कोणी जमवून त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनाने याच अंगाने रथाविषयी विचारले होते. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजाने ‘नाही’ म्हटले, आणि मग ‘रथ’ हे केवळ एक नाव उरले. मिलिंद हा ग्रीक राजा होता, हे लक्षात घेतले की वाटते, ग्रीकांना या प्रश्नाने बरेच छळलेले दिसते.

परंतु खरे सांगायचे तर ते इंजिन तेच राहील की नाही, याची मला काळजी नव्हती. नागसेनाचे म्हणणे मला पटते. ‘इंजिन’ हे नाव नव्या बॉयलरलाही शोभेल. मला अडवीत होते ते दुसरेच. रस्किनने १८४९ साली इमारतींविषयी लिहिताना जीर्णोद्धाराला सरळ असत्य म्हटले. आपल्या कानाला ते विचित्र वाटते. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म. अहल्याबाईंचे नाव आपण घेतो ते त्यासाठीच. मंदिर पडले तर बांधावे, मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन करून नवी बसवावी, यात आपल्याला खोटेपणा दिसत नाही, कारण आपल्याला दगडापेक्षा पूजा चालू राहण्याचे मोल अधिक आहे. मी या बाबतीत आपल्या लोकांच्या बाजूची आहे. वाफेच्या इंजिनाची पूजा म्हणजे त्याचे चालणे. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेले ‘फेअरी क्वीन’ संग्रहालयातून काढून १९९७ साली पुन्हा रुळांवर आणले, तेव्हा मला आनंदच झाला. पुढे २०११ साली चोरट्यांनी त्याचे भाग पळवले आणि पेरांबूरच्या कारखान्यात ते पुन्हा उभे केले गेले, तेव्हा ‘आता ते खरे राहिले नाही’ असे माझ्या मनातही आले नाही.

स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. १८२९ साली रेनहिलला त्याने पैज जिंकली, तेव्हा त्याचे सिलिंडर चांगलेच तिरपे होते. काही वर्षांतच ते खाली उतरवून जवळजवळ आडवे केले गेले. आज संग्रहालयात आहे ते हे बदललेले रॉकेट. पैज जिंकली त्या दिवसाचे रूप त्याला कोणी परत दिले नाही. त्यासाठी १९७९ साली वेगळी प्रतिकृती बांधली, ती चालते. मूळ इंजिन आपल्या अंगावरच्या सगळ्या फेरफारांसह स्वस्थ उभे आहे. हे वाचले तेव्हा मला माझा प्रश्न नीट दिसला. काही गोष्टी काळ करतो, काही माणसे करतात. वायसर वाळला, स्प्रिंग गंजली, ही झीज. ती भरून काढायला कोणाची परवानगी लागत नाही. ठिगळ ही झीज नव्हे. ते माझ्या चोरीने, बाबांच्या पायपिटीने आणि एका तांबटाच्या हातोडीने तेथे आले होते. दादाच्या दोन थोबाडीतही त्यात होत्या.

नवा बॉयलर बसवला असता तर काय झाले असते? इंजिन उत्तम चालले असते. भाऊबीजेला दादा आला असता, चाक फिरताना पाहून खूश झाला असता, बहिणीचे कौतुक केले असते, आणि मी ते घेतले असते. ज्या गुन्ह्याचा एकच पुरावा जगात उरला होता तो मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने काढून टाकला असता, आणि वर ती दादाला दिलेली ओवाळणी ठरली असती! इतकी वर्षे मी मनाशी म्हणत आले होते की दादाला सगळे माहीत होते. मला वाचवण्यासाठी तो ‘आठवत नाही’ म्हणाला. या समजुतीवर मी त्याच्यावर फार माया केली. न बोलता केलेली क्षमा न बोलता घ्यावी, असे मला वाटे. किती सोयीची गोष्ट! ठिगळ ठेवायचे की काढायचे हे ठरवण्याचा हक्क माझा नव्हता. तो ज्याचा होता त्याला विचारायचे, तर आधी ठिगळ कशाने पडले ते सांगणे भाग होते.

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी इंजिन त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितले. स्पिरिट, वाती, चटका, सगळे.

दादाने चष्मा काढला. “तू?” एवढेच तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “अगं, मला तर वाटत होतं, मीच विझवायला विसरलो.”

म्हणजे त्याने मला वाचवले नव्हते. त्याला खरोखरच आठवत नव्हते. आणि जे आठवत नाही ते आपणच केले असेल, असे त्या तेरा वर्षांच्या मुलाने त्या संध्याकाळी धरले, ते आजवर सोडले नव्हते. वहिनी हसून म्हणाल्या, “तरीच हे रोज रात्री उठून गॅसचं बटण बघतात. एकदा बघून भागत नाही, दोनदा.” आम्ही दोघेही हसलो नाही. दादाने ताटातले अनारसे तसेच ठेवले. जाताना इंजिनाकडे पाहिले, ठिगळावरून अंगठा फिरवला, आणि काही न बोलता गेला. माझ्यावर रागावला असेल तर तो राग त्याच्या हक्काचा होता.

रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. “नवा बॉयलर मागव,” तो म्हणाला. “पोरांना चाक फिरताना दिसू दे. जुना मात्र मला दे. टाकू नकोस.”

“बरं,” मी म्हटले.

तो थोडा थांबला. “आत्ताच गॅस बघून आलो,” तो म्हणाला. “दोनदा.”