आपल्या जागेवरून पंढरपूर कुठे?



आजचा श्लोक: गीता, अध्याय ३, श्लोक ३५. भाव साधा आहे. दुसऱ्याचा धर्म कितीही छान जमत असला तरी त्यापेक्षा आपला बरा, मग तो उणा का असेना.

काल नकाशा उघडून पंढरपूरची दिशा काढत बसलो होतो. दिशा अंशांत मोजतात: उत्तर ०, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आळंदीहून पंढरपूर आलं सुमारे १२६ अंशांवर. आपल्या धुळ्याहून १७१. मुक्ताईनगरहून १९२. पांडुरंग एकच, आकडे तीन! आळंदीचा आकडा आळंदीत अगदी बरोबर आहे. पण तोच धरून मुक्ताईनगरहून कुणी निघालं, तर ते वाशीमच्या बाजूला जाईल.

हे मला लागलं. पुण्यातला माझा मित्र पहाटे दोन तास जप करतो. इथे जळगावला आजी अंथरुणावर आहे, माझी पहाट तिच्या औषधपाण्यात जाते. कित्येक दिवस मी स्वतःला त्याच्या आकड्याने मोजत होतो, आणि रोज कमीच भरत होतो.

मग काय, ज्याला जे वाटेल ते बरोबर? तसं नाही. एका जागेवरून योग्य दिशा एकच असते. मुक्ताईनगरहून सरळ रेषेत पंढरपूर साधारण ३८० किलोमीटर. एकच अंश चुकला, तर शेवटी आपण साडेसहा किलोमीटर बाजूला पोचतो. आजीचं निमित्त सांगून मी रात्री रील्स बघत बसलो, तर तो स्वधर्म नाही, तो चुकलेला अंश आहे. मुक्ताईंची पालखीसुद्धा बुलढाणा, जालना, बीड अशी वळत जाते. जागा बदलली की दिशा पुन्हा बघावी लागते.

आणि पाऊलच टाकता येत नसेल तर? १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. दार बंद होतं, दिशा नव्हती हरवली.

आज एवढंच करूया. ‘तो कुठे पोचला?’ हे सोडून ‘मी कुठे उभा आहे?’ हे खरं खरं विचारूया. आजीला पाणी देताना मी नाम घेणार आहे. तुमचं काय?

राम कृष्ण हरी 🙏