इंग्रजीचा तास कोणाचा?

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली की मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. चकलीचे कौतुक संपते न संपते तोच कोणीतरी विचारतो, "धाकटीला कोणत्या माध्यमात घातलीत?" आणि मग दोन तट पडतात. एक म्हणतो, इंग्रजीवाचून तरणोपाय नाही. दुसरा म्हणतो, मातृभाषा सुटली की मूल मुळापासून तुटते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, म्हणून वाद कधी संपत नाही. फराळ तेवढा संपतो. या वादात एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, इंग्रजीच्या तासाला वर्गात प्रत्यक्ष घडते काय? बोलतो कोण आणि गप्प कोण बसतो?

हा अध्यापनशास्त्राचा प्रश्न आहे, तो त्या शास्त्राच्या जाणकारांवर सोपवावा, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात शिकवण्याची एखादी पद्धत निवडणे म्हणजे कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाच्या मौनाकडे काणाडोळा करायचा आणि घरून आणलेली भाषा मुलाने दाराबाहेर ठेवायची की आत आणायची, हे ठरवणे होय. जेथे वाटणी आली तेथे न्याय-अन्याय आलाच. तेव्हा इंग्रजी शिकवायचे कसे, हा नीतीचाही प्रश्न आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांचे इंग्रजी भाषांतरावर पोसले गेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे नाव आजही जुन्या घरांतून निघते. आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी, असा तो क्रम. या वाटेने गेलेली माणसे मोठमोठे ग्रंथ वाचीत, बिनचूक अर्ज लिहीत. पण प्रत्यक्ष बोलण्याची वेळ आली की त्यांतील पुष्कळांचा घसा कोरडा पडे. वाक्य मनात मराठीत जुळवून, मग व्याकरणाच्या चाळणीतून गाळून बाहेर येईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे.

याच्या अगदी उलट टोकाला प्रत्यक्ष पद्धती उभी आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स या गावी भाषा शिकवण्याची शाळा काढली. शिकणाऱ्याची भाषा तेथे वापरायचीच नाही, असा दंडक. इंग्रजी शिकवायचे तर शिक्षकाने पुस्तक उचलायचे आणि 'धिस इज अ बुक' म्हणायचे. दार उघडायचे आणि उघडता उघडता ती क्रिया बोलून दाखवायची. पद्धत जिवंत खरी. पण बर्लिट्झच्या दारी येणारा विद्यार्थी बहुधा प्रौढ असे, फी भरून स्वखुशीने येई, आणि वर्गात मोजकी माणसे असत. हीच पद्धत पन्नास-साठ मुलांच्या सक्तीच्या शाळेत आली, तेव्हा तिच्यातले चैतन्य वाटेत गळाले आणि बंदी तेवढी पोचली.

पुढे या बंदीला शास्त्राची प्रतिष्ठाही मिळाली. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद भरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, जन्मतः इंग्रजी बोलणारा शिक्षक सर्वांत उत्तम, जितके लवकर आणि जितके जास्त तितके बरे, दुसऱ्या भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशी मते त्या काळात दृढ झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली 'लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम' या ग्रंथात ही पाच मते वेगळी काढून, ते पाच भ्रम आहेत असे प्रतिपादन केले. पण ग्रंथ ग्रंथालयात राहतात आणि भ्रम शाळेत राहतात. आपल्याकडच्या काही शाळांतून मराठीत बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेतात, आणि पालक तो कौतुकाने भरतात.

या दंडाचे पूर्वज पाहण्यासारखे आहेत. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवीत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले की पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा होई. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'डीकॉलनायझिंग द माइंड' या पुस्तकात आपल्या लहानपणच्या शाळेची अशीच हकीकत सांगितली आहे. गिकुयू बोलणारे मूल पकडले जावे म्हणून तेथेही एक खूण हातोहात फिरत असे. दोन खंड, दोन शतके, पण युक्ती एकच: मुलाला मुलावर पाळत ठेवायला लावायचे.

यातला अन्याय नुसत्या छडीचा नाही. आई ज्या भाषेत हाक मारते ती भाषा बोलणे हा गुन्हा आहे, असे सहा वर्षांच्या जिवाला शिकवले जाते. ज्या घरात पुस्तके आहेत, इंग्रजी बोलणारी माणसे आहेत, त्या घरच्या मुलाला हा दंड क्वचितच बसतो. तो बसतो ज्याच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानी पडत नाही त्याला. म्हणजे ज्याला शाळेची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच तोंडाला कुलूप. असे मूल इंग्रजी शिकण्याआधी गप्प बसायला शिकते, आणि ती विद्या मात्र त्याला पक्की येते.

येथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण तिच्यातही सत्य आहे. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी कानावर पडण्याची जागा बहुधा एकच, शाळेतला तो पस्तीस मिनिटांचा तास. तेवढ्यातही शिक्षक मराठीच बोलत राहिला तर मुलाने इंग्रजी ऐकायचे कोठे? आणि असे पुष्कळ ठिकाणी घडते हे नाकारण्यात अर्थ नाही. धड्यातले एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठी अर्थ सांगायचा, की पुढचे वाक्य. शेवटी फळ्यावर प्रश्नोत्तरे, आणि उरलेले काम गाइडाकडे. वर्षाअखेर मुलाला धड्याची गोष्ट मराठीत सांगता येते, पण आपले नाव-गाव सांगणारी चार वाक्ये इंग्रजीत बोलता येत नाहीत. हीही वंचनाच. एका वर्गात मूल बोलू शकत नाही कारण त्याची भाषा काढून घेतली. दुसऱ्या वर्गात बोलू शकत नाही कारण दुसरी भाषा दिलीच नाही.

मग वाट कोणती? ती ज्या देशात सापडली तो योगायोग मोठा बोलका आहे. वेल्समधील अॅबरिस्टविथच्या विद्यापीठात सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धती मांडली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९६७ साली आले. जेथे मातृभाषेची पाटी गळ्यात अडकवीत, तेथूनच तिला वर्गात मानाने बसवण्याचा विचार निघाला. सूत्र साधे आहे. नव्या वाक्याचा अर्थ शिक्षकाने एकदा मातृभाषेत सांगून टाकावा आणि वाचलेला सारा वेळ परक्या भाषेच्या सरावाला द्यावा. 'अम्ब्रेला' शिकवायला छत्री उघडून दाखवता येते. पण 'ट्रस्ट' कशी उघडून दाखवणार? दहा मिनिटे हातवारे करूनही निम्म्या वर्गाला त्याचा अर्थ 'मैत्री' वाटायचा. 'विश्वास' म्हणायला एक क्षण पुरतो, आणि राहिलेली दहा मिनिटे मुलांच्या तोंडी इंग्रजी घालायला मिळतात. आपल्याला हा शेजारधर्म नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ एकमेकांशेजारी उभे होते. कोणी कोणाला दाराबाहेर काढले नव्हते.

भाषेचा प्रश्न असा सुटला तरी वेळेच्या वाटणीचा उरतोच. थोडा हिशेब करू. पस्तीस मिनिटांचा तास, आठवड्याला सहा तास, वर्षाचे छत्तीस आठवडे धरले तर २१६ तास, म्हणजे ७,५६० मिनिटे होतात. निम्मा वेळ शिक्षक बोलले आणि निम्मा पन्नास मुलांत अगदी सारखा वाटला, तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी सव्वा तास बोलणे येते. आणि सारखी वाटणी होते कोठे? "कोण सांगेल?" असे बाईंनी विचारले की पहिल्या बाकावरचे तेच पाच हात वर होतात. बाईंनाही उत्तर हवे असते, पाठ पुढे न्यायचा असतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीचा सव्वा तास तिच्या नकळत पहिल्या बाकाच्या खात्यावर जमा होतो. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते, म्हणूनच तो अन्याय कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता रोज दहाच मिनिटे मुलांना जोडीजोडीने बोलायला दिली असे समजा. आधी बाईंनी वाक्य म्हणायचे, मग सगळ्या वर्गाने एका सुरात, म्हणजे भित्र्या मुलाला गर्दीचा आडोसा मिळतो. वाक्याचा साचा फळ्यावर लिहून ठेवायचा. मग एकाने भाजीवाला व्हायचे आणि दुसऱ्याने 'हाऊ मच इज धिस?' म्हणून भाव विचारायचा. पंचवीस जोड्या एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाला रोज पाच मिनिटे मिळतात. २१६ तासांची ही पाच-पाच मिनिटे मिळून अठरा तास होतात. कोठे सव्वा तास आणि कोठे अठरा! वर्गात गलका होईल, पलीकडच्या वर्गाचे गुरुजी डोकावतील, मुले चुकीचे बोलतील, मधूनच मराठीत घसरतील. होऊ द्यावे. बाजारात गलका असतो तेव्हाच व्यवहार चाललेला असतो.

चुकांचे भयही थोडे कमी केले पाहिजे. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली एका लेखात दाखवून दिले की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या शिकण्याचा पुरावा असतो; मनात तो कोणते नियम बांधतो आहे ते त्यांवरून कळते. आपले मूल 'ही टोल्ड टू मी' म्हणते, कारण 'त्याने मला सांगितले' यातल्या 'ला'ची जागा त्याला भरायची असते. 'अ' आणि 'द' ते गाळते, कारण मराठीत त्यांचे काम करणारे शब्दच नाहीत. ही चूक मूर्खपणाची नव्हे. एक भाषा नीट येते त्याची ही खूण. हे ओळखणारा शिक्षक रागावत नाही. तो नेमका तेवढाच सांधा पुन्हा पक्का करतो. आणि हे ओळखायला मुलाची भाषा शिक्षकाला यावी लागते.

या साऱ्याची कसोटी कोणती? मला ती ढाक्याला सापडते. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ तेथील अध्यापक विद्यालयात होते. बंगालच्या शाळांवरील त्यांचा 'बायलिंग्वलिझम' हा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या ध्यानात आले की इंग्रजीचा अभ्यासक्रम आखला जातो तो शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचणाऱ्या मूठभर मुलांसाठी, आणि बहुसंख्य मुले तर मध्येच शाळा सोडून जातात. तेव्हा त्यांनी विम्याच्या व्यवहारातला एक शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. विमा मध्येच मोडला तरी काही रक्कम हाती येते; तशी मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते? दोन वर्षांनी त्याला सोपे पुस्तक तरी वाचता येते का? वेस्ट यांचे उत्तर, आधी वाचन शिकवा, हे आज सगळ्यांना पुरे वाटणार नाही. प्रश्न मात्र जुना झालेला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुमारास मुंबई राज्याने इंग्रजी आठवीपासून ठेवली; २००० सालापासून महाराष्ट्राने ती पहिलीपासून आणली. आरंभाची इयत्ता मागे-पुढे झाली, पण सातवीत गळालेल्या मुलाच्या हाती काय पडले, हा हिशेब त्या वादात फारसा कोणी मांडला नाही.

म्हणून कोणतीही पद्धत हुशार मुलाच्या बक्षिसावरून तोलू नये. हुशार मुलगा वाईट पद्धतीनेही शिकतो. ती तोलावी शेवटच्या बाकावरून. जी पद्धत तेथल्या मुलीला रोज पाच मिनिटे बोलू देते, तिच्या मराठीला लाजवीत नाही, आणि उद्या तिची शाळा सुटली तरी तिच्या हाती बसची पाटी, औषधाचे वेष्टन, बँकेचा कागद वाचण्याइतके काही ठेवते, ती न्याय्य. बाकीच्या पद्धती कितीही नव्या नावाच्या असोत.

आपल्या भाषेत 'मी इंग्रजी जाणतो' असे सहसा कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'मला इंग्रजी येते.' भाषा माणसाकडे येते, असा त्या बोलण्याचा भाव आहे. येणाऱ्याला जागा करून द्यावी, दोन घास अधिक रांधावेत, हे घराघराला ठाऊक आहे. पण पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करण्याची रीत आपल्याकडे नाही. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी आणि घरी वाट पाहणाऱ्या आईबापांनी एवढे सांभाळले, तर तो पस्तीस मिनिटांचा तास पन्नासही मुलांचा होईल.