पाय कोठे ठेवावा?

वारकरी मंडळींना दरसाल एक प्रश्न ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा चार बुके शिकलेला असतो, आणि पुष्कळदा घरचाच असतो. तो म्हणतो, "देव चराचरात भरला आहे असे तुमचेच संत सांगतात ना? मग एवढी पायपीट कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा!" हा प्रश्न हसून टाळण्याजोगा नाही असे आम्हांस वाटते. कारण तो काही नास्तिकाचा प्रश्न नव्हे. तो आपल्या परंपरेतच, आणि तोही तीर्थाच्या गाभाऱ्यात उभा राहिलेला आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कयाधूकाठी नरसी हे गाव आहे. परंपरेप्रमाणे इ. स. १२७० साली नामदेवरायांचा जन्म इथला. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. देऊळ यादवकाळातले, हेमाडपंती; भिंतीवरची मूर्तिकला पाहत राहावी अशी. पण पिंडी वर नाही, खाली भुयारवजा गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. तेथे ताठ मानेने कोणाचे चालत नाही.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. गुरू करावा म्हणून ते औंढ्यास आले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांना ते सोसेना. विसोबा म्हणाले, "बाबा, जेथे देव नाही अशा जागी माझे पाय नेऊन ठेव." नामदेवांनी पाय जिकडे वळवले तिकडे पिंडी दिसू लागली. रिकामी जागाच सापडेना.

आता आपल्या प्रश्नकर्त्याच्या हिशेबाने नामदेवांनी येथून पुढे घरी बसायला हवे होते. पण झाले उलट. ज्ञानोबारायांच्या संगतीत त्यांनी तीर्थे केली, आणि माउलींनी १२९६ साली समाधी घेतल्यावर ते थेट पंजाबापर्यंत गेले. तेथे घुमान गावी त्यांचे स्थान आहे, आणि गुरु ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. देव सर्वत्र आहे हे ज्याला कळले, तोच सर्वांत लांब चालला.

असे का व्हावे? दूरचा एक दाखला घेऊ. चीन देशात शान्शी प्रांतात वू-ताय नावाचा पाच शिखरांचा पर्वत आहे. तो बोधिसत्त्व मंजुश्रीचे स्थान मानतात. त्या परिसरात इ. स. ७८२चे लाकडी देऊळ अजून उभे आहे. नवव्या शतकात लिन्-ची नावाच्या गुरूंनी शिष्यांना बजावले, की मंजुश्रीला शोधायला त्या पर्वतावर जाल तर चुकाल, तो तुमच्यापाशीच आहे. म्हणजे तेथले विसोबाच! तरी त्याच परंपरेतले श्यू-युन नावाचे भिक्षू १८८२ साली पू-तो बेटाहून निघाले आणि तीन पावलांना एक दंडवत घालीत १८८४ साली वू-तायला पोचले. आईबापांचे ऋण फेडावे, एवढाच त्यांचा संकल्प होता.

यावरून आम्ही असे समजतो, की यात्रा देवाला जागेवर गाठण्यासाठी नाही. आपल्याला जागेवरून हलवण्यासाठी आहे. देव सर्वत्र आहे, पण आपला मीपणाही सर्वत्र आपल्याबरोबर असतो. घरात तो गादीवर बसतो. वाटेवर त्याला धूळ लागते, दुसऱ्याच्या हातची भाकरी खावी लागते, लहानथोरांच्या पाया पडावे लागते. 'देव सगळीकडे आहे' असे म्हणून जो घरी बसतो, त्याला शेजाऱ्यात तरी देव दिसतो का, हे त्याचे त्यानेच पाहावे.

मात्र हाच काटा आपल्यालाही लावला पाहिजे. औंढ्यास सांगतात, की कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुढून उठवले, ते मागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदीचे स्थान मागे आहे ते त्यामुळेच, अशी श्रद्धा आहे. देव फिरला खरा. माणसाला फिरायला किती वेळ लागला? पंढरीचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. शतकानुशतके वाऱ्या चालू असताना ही स्थिती होती! पाय चालले, मन जागच्या जागीच राहिले.

आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला टाकून कोणी वारीला निघत असेल, तर त्याने पुंडलिकाची आठवण करावी. तो आईबापांपासून हलला नाही म्हणून देव चालत आला आणि विटेवर उभा राहिला. चालणारे नामदेव आणि न हललेला पुंडलिक, दोघेही आपलेच. कारण दोघांनी स्वतःला बाजूस सारले होते.

जेथे देव नाही तेथे पाय ठेव, ही विसोबांची अट नामदेवांना पुरी करता आली नाही. कोणालाच येणार नाही. त्यांनी निराळेच केले. पंढरीच्या महाद्वारी ते स्वतःच पायरी झाले. माझा पाय कोठे ठेवू, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय माझ्यावर पडोत, एवढेच मागितले. वारीहून परतल्यावर घरच्यांना, गड्यामाणसांना आपण थोडेतरी पायरीसारखे वाटलो, तर वारी पावली असे समजावे.

रामकृष्णहरी.