मंत्राची किंमत

पैलवानाचं बळ त्याच्या अंगात असतं, तितकंच ते कुस्तीच्या नियमातही असतं. कसबा बावड्यात, किंबहुना अख्ख्या कोल्हापुरात, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मातीवर पाठ टेकल्याशिवाय निकाल नाही. मॅटवर गुण मोजतात, घड्याळ चालतं. मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. ते नियम अंगवळणी पडल्यावर १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं.

हीच गोष्ट एका अगदी वेगळ्या खेळात फार स्वच्छ दिसते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, पात्रं होऊन खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. त्यात योद्धा असतो आणि जादूगार असतो. गेल्या पन्नास वर्षांत खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि दर आवृत्तीत जादूगाराचं बळ बदललं. का बदललं, हे समजून घ्यायला अग्निगोलाचा एकच मंत्र पुरतो.

१९७८च्या नियमपुस्तकात जादूगाराची जितकी पातळी, तितके फासे त्या गोळ्याच्या माऱ्याला. वरची मर्यादा नाही. पण हा मंत्र हाती यायला पाचवी पातळी गाठावी लागे, आणि तिथवर जगणंच मुश्किल. पात्र किती घाव सोसेल ते ठरवणाऱ्या जीवगुणांसाठी योद्ध्याला दहा बाजूंचा फासा, जादूगाराला चारच बाजूंचा. अंगावर चिलखत नाही. दुसरी पातळी गाठायला योद्ध्याला २,००१ अनुभवगुण लागत, जादूगाराला २,५०१. मंत्र सकाळी पाठ करायचा. म्हटला की तो स्मरणातून गेला. ही कल्पना लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांतून आलेली. मंत्र म्हणता म्हणता कुणाचा घाव बसला, तर मंत्र वाया. आणि खोली अरुंद असली तर आगीचा लोळ जागा मिळेल तिकडे पसरून आपल्याच माणसांना भाजून काढी.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत अग्निगोलाला दहा फाशांची मर्यादा आली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही ती तशीच राहिली. म्हणजे मंत्र काही वाढला नाही. तरीही याच आवृत्तीत वरच्या पातळीवरचा जादूगार सगळ्यांना भारी पडू लागला. पातळी चढायला सर्वांना सारखेच गुण झाले. एक पाऊल मागे सरून किंवा सावधपणे मंत्र म्हणून घाव चुकवता येऊ लागला. आग अरुंद जागेतून उलटून यायची थांबली. पहिल्याच पातळीपासून मंत्र गुंडाळीवर लिहून साठवता येऊ लागले. मारा तोच राहिला; त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र उतरली.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने यावर सरसकट उपाय केला. योद्धा असो वा जादूगार, प्रत्येकाला कधीही वापरायच्या, लढाईत एकदा वापरायच्या आणि दिवसातून एकदा वापरायच्या शक्ती दिल्या. तोल साधला, पण जादू ही वेगळी गोष्ट आहे असं अनेक खेळाडूंना वाटेना. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने किंमत परत आणली, ती नव्या रूपात. किरकोळ मंत्र हवे तितके म्हणा. पण ज्या मंत्रांवर ध्यान टिकवावं लागतं, त्यातला एका वेळी एकच चालेल, आणि घाव बसला की तोही सुटू शकतो. अग्निगोलाला आठ फासे ठरले. जास्त हवे असतील तर वरच्या दर्जाची मंत्रसंधी, म्हणजे मंत्र म्हणायच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च करायची.

आपल्याला हे नवं वाटू नये. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. कर्णाने ती अर्जुनासाठी राखली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. ती रोज वापरता आली असती, तर त्या रात्रीच्या युद्धाला काही अर्थच उरला नसता.

तेव्हा बावड्यातल्या एखाद्या खोलीत चौघं फासे घेऊन बसलात आणि घरचे नियम करायची वेळ आली, तर नुसते माऱ्याचे आकडे बघत बसू नका. या मंत्रासाठी जादूगार काय मोजतो, ते आधी विचारा. काहीच मोजत नसेल, तर तो नियम बदला.