सुताराचा इशारा

(शास्त्रवाचन : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७ वा)



पावसाळा जवळ आला म्हणजे आपण सारेच घराच्या डागडुजीस लागतों. कोणी कौलें चाळतो, कोणी भिंतीचें भोंक बुजवितो, कोणी पन्हळ बसवितो. काम लहान म्हणून आपण फारसा विचार करीत नाहीं. परंतु अशाच एका लहान दुरुस्तीपायीं एक प्रचंड जहाज शेंकडों जिवांसह कसें बुडालें, तें आज सांगावयाचें आहे.

‘रॉयल जॉर्ज’ हें इंग्लंडच्या आरमाराचें १०० तोफांचें जहाज १७५६ सालीं पाण्यांत सोडण्यांत आलें. १७८२ च्या ऑगस्ट महिन्यांत तें पोर्ट्समथजवळ स्पिटहेड येथें नांगरलेलें होतें. जिब्राल्टरला वेढा पडला होता, व तेथील लोकांच्या साहाय्यास जाण्याची तयारी चालली होती. निघण्याची वेळ आली म्हणून खलाशांच्या बायका, मुलें व माल विकणारे लोक जहाजावर जमले होते. तें जहाज नव्हे, एक गांवच झालें होतें.

डेक धुण्यासाठीं समुद्राचें पाणी आंत घेणारी एक नळी होती. तिचें तोंड उजव्या बाजूस पाण्याच्या पातळीखालीं होतें, व त्याची दुरुस्ती करणें होतें. जहाज गोदींत न नेतां जागच्या जागींच काम उरकावें असें ठरलें. २९ ऑगस्ट रोजीं सकाळीं डाव्या बाजूच्या तोफा बाहेर सरकविल्या, उजव्या बाजूच्या मध्यभागीं ओढल्या. तेव्हां जहाज डावीकडे कललें व नळीचें तोंड वर आलें. जहाज असें कलविणें त्या काळीं नवें नव्हतें. परंतु डावीकडील खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच राहिल्या होत्या, आणि पाणी त्यांच्या उंबरठ्याशीं येऊन टेकलें होतें. त्याच बाजूस एक पडाव येऊन लागला व त्यांतून रम दारूचीं पिंपें चढविलीं जाऊं लागलीं. जी बाजू कललेली, तिच्यावरच ओझें वाढलें! लाटेगणिक पाणी आंत येऊं लागलें. वांचलेल्या एका खलाशानें पुढें सांगितलें कीं, पाण्यामुळें उंदीर बाहेर पडले होते व कित्येक लोक त्यांची शिकार करण्यांत रमले होते.

त्याच खलाशाच्या सांगण्याप्रमाणें, जहाजाचा सुतार पहाऱ्यावरील लेफ्टनंटाकडे गेला व जहाज आतां हा कल सोसणार नाहीं, तें सरळ करण्याचा हुकूम द्यावा, अशी त्यानें विनंती केली. त्यास तुटक उत्तर मिळालें. तो खालीं जाऊन पाणी पाहून पुनः वर आला. ह्या खेपेस, माझ्याहून तुला अधिक कळत असेल तर तूंच जहाजाचा ताबा घे, असा टोमणा मिळाला. थोड्या वेळानें जहाज सरळ करण्यासाठीं नगारा वाजविण्याचा हुकूम निघाला. पण लोक आपापल्या जागीं पोंचण्यापूर्वींच जहाज आडवें होऊन बुडालें. ८०० हून अधिक माणसें मेलीं. ईश्वरस्तुतीचीं गीतें रचणारे ॲडमिरल रिचर्ड केंपेनफेल्ट हेही त्यांत गेले. पुढें लष्करी न्यायालयानें कप्तान, अधिकारी व खलाशी यांस दोषमुक्त केलें. लांकडें कुजून जहाजाच्या सांगाड्याचा मुख्य भाग खचला असावा, असें त्याचें मत पडलें.

बंधूंनो, लांकडें कुजलीं होतीं हें खरें असेल. तरी इशारा मिळाला होता, आणि तो ऐकला गेला नाहीं.

आतां पौलाच्या तारवाकडे पाहा. पौल बंदिवान होता. पुढें जाण्यांत धोका आहे असें त्यानें सांगितलें. पण शताधिपतीनें तांडेलाचें व तारवाच्या धन्याचें ऐकलें. बेडी घातलेल्या मनुष्यास समुद्राचें काय कळणार? पुढें वादळ आलें. मग पौलानें दुसऱ्यांदा इशारा दिला कीं खलाशी तारवांत न राहिले तर कोणी वांचणार नाहीं. ह्या वेळीं शिपायांनीं ऐकलें व होडीचे दोर कापले. तारूं फुटलें, परंतु २७६ माणसांपैकीं एकही नाश पावला नाहीं. पहिल्यानें चुकलेला मनुष्यही दुसऱ्यानें ऐकूं शकतो, हीच आपली आशा.

हें मी दुसऱ्यांस सांगतों, तेव्हां माझाच अपराध मला आठवतो. आमच्या मंदिराचें छप्पर दुरुस्त होत असतां एका वृद्ध, निरक्षर भावानें मला म्हटलें, “पाळकसाहेब, आढ्याला वाळवी लागली आहे. आधीं तें बदला, मग कौलें घाला.” मीं म्हटलें, “बाबा, तें पाहणारे आहेत.” ज्येष्ठाच्या पावसांत एका रात्रीं छप्पर खालीं बसलें. मंदिर रिकामें होतें, ही देवाची कृपा. सकाळीं तो म्हातारा आला आणि एक शब्दही न बोलतां फुटकीं कौलें गोळा करूं लागला. त्याच्याजवळ बसून मीं त्याची क्षमा मागितली.

प्रिय प्रचारकहो, मंडळींत जो भाऊ मागें चटईच्या कडेला बसतो, ज्यास लिहितां येत नाहीं, त्यानें उद्यां हिशोबाविषयीं किंवा आपल्या वागणुकीविषयीं कांहीं म्हटलें, तर त्यास टोमणा देऊं नका. खालीं उतरून पाणी पाहा. आणि बंधुभगिनींनो, तुम्हीही आपल्या खिडक्या तपासा. एक नळी नीट करितांना दुसरीकडून पाणी येत नाहीं ना? दारू सोडली, पण सावकाराचें कर्ज वाढतच आहे काय? शनिवारीं मंदिर झाडिलें, पण शेजारणीशीं धरलेला अबोला तसाच आहे काय?

नासरेथ गांवच्या लोकांनींही, हा तर सुतार, म्हणून आपल्या प्रभूचा अव्हेर केला. तो आजही आपणांस इशारा देत आहे, पुष्कळदां एखाद्या दीन भावाच्या मुखानें. नगारा वाजण्यापूर्वीं तो ऐकण्यास नम्र कान प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.